बाईंना विचारा : लबकच्या नातीसाठी वऱ्हाडातलं नाव

या महिन्याच्या टपालात शेतीचं, अभ्यासाचं, सासू-सुनेचं एकही पत्र निघालं नाही. सगळी नावांची. कुणाकडे पाळणा हलला आहे, कुणाकडे हलायचा आहे. जिल्हा परिषदेच्या शाळांत माझी सगळी नोकरी गेली, आणि दाखलखारीज रजिस्टर मी नेहमी स्वतःच्या हातानं लिहिलं. जून महिन्यात बाप लेकराचा हात धरून टेबलासमोर उभा राहतो आणि मी विचारते, ‘पूर्ण नाव?’ त्या एका उत्तरात घरची श्रद्धा, आजीचा हट्ट, टीव्हीवरची मालिका, सगळं कळतं. म्हणून यावेळी सगळी जागा नावांनाच दिली आहे.

प्रश्न : बाई, मायी लेक अकोल्याच्या कृषी विद्यापीठात कापसावर शिकली. आता अमेरिकेत टेक्सास राज्यात लबक नावाच्या शहरी हाये, तिथंबी कापसावरच काम करते. जावईही तिथंच. दिवाळीनंतर बाळंतपण हाये. मुलगी हाये असं तिकडच्या डॉक्टरनं आधीच सांगतलं, तिकडं सांगतात. दोघांनी तिथल्या नावांची सरकारी यादी धाडली. ऑलिव्हिया, एम्मा, मिया, कामिला. लेक म्हनते, बाबा, इथल्या शाळेत चालन आन् आईलेही हाक मारता येईन असं नाव सांगा. दुसरं म्हनजे, नाव दवाखान्यातच लिहून द्या लागते म्हनते. मंग बारशाचं काय? — एक आजोबा, दिग्रस तालुका

उत्तर : काकाजी, आधी ती यादी काय आहे ते समजून घेऊ, म्हणजे तिचं दडपण राहणार नाही.

अमेरिकेत सोशल सिक्युरिटी म्हणून सरकारी खातं आहे, म्हातारपणीचं निवृत्तिवेतन पाहणारं. जन्मलेल्या जवळजवळ प्रत्येक बाळाचा तिथं नंबर निघतो आणि त्यासोबत नावाची नोंद होते. त्या नोंदींवरून दरवर्षी मे महिन्यात नावांची क्रमवारी प्रसिद्ध होते. संपूर्ण देशाच्या याद्या १८८० पासूनच्या आहेत, राज्यवार याद्या १९१० पासूनच्या. एखाद्या वर्षी त्या राज्यात पाचपेक्षा कमी बाळांना जे नाव ठेवलं गेलं, ते यादीत घेतच नाहीत, कारण त्यावरून कुटुंब ओळखू येईल. देशपातळीवर मुलांत २०१७ पासून लियाम आणि मुलींत २०१९ पासून ऑलिव्हिया पहिलं आलं आणि वर्षानुवर्षं तिथंच राहिलं. टेक्सासमध्येही लियाम वर आहे. पण त्याच यादीच्या वरच्या भागात मातेओ, सांतियागो, कामिला ही स्पॅनिश नावं दिसतात, कारण १८३६ पर्यंत टेक्सास मेक्सिकोचा भाग होता आणि आजही तिथं स्पॅनिश बोलणारी घरं फार मोठ्या संख्येनं आहेत. १९९८ साली तर टेक्सासमध्ये मुलांच्या नावांत होजे पहिलं होतं. म्हणजे तुमची नात ज्या वर्गात बसेल तिथं इंग्रजीबाहेरची नावं आधीपासूनच आहेत. शिक्षकांच्या जिभेला सवय आहे.

आणखी एक. पहिल्या क्रमांकाचं नाव म्हणजे वर्गात सगळ्यांचं तेच, असं नाही. आज तिथं पहिलं आलेलं नावसुद्धा साधारण शंभर मुलांमागे एकाचं असतं. १९५० च्या सुमारास हेच प्रमाण शंभरात चार-पाच होतं. आमच्या रजिस्टरातही मी हा बदल पाहिला. शेगावच्या महाराजांवरच्या श्रद्धेनं एका वर्गात तीन-तीन गजानन असायचे. हजेरी घेताना बापाचं नाव लावल्याशिवाय कोण ‘हजर’ म्हणाला ते कळायचं नाही. हल्ली गावच्या शाळेतही दोन मुलांचं नाव सारखं निघत नाही. तेव्हा यादीत वर असणं ही काही कुठल्या नावाची लायकी नव्हे, आणि यादीत नसणं हा दोष नव्हे.

टेक्सासची माणसं स्वतः काय करतात ते पाहा, त्यातलं घेण्यासारखं आहे. ती आपल्या मातीतून नावं उचलतात. १८३६ च्या लढाईत मेक्सिकोच्या फौजेला हरवणारा सॅम ह्यूस्टन, त्या मुलखात वस्ती वसवणारा स्टीफन ऑस्टिन, अलामोच्या गढीत मारला गेलेला ट्रॅव्हिस. या माणसांची नावं आधी शहरांना, जिल्ह्यांना लागली आणि मग लेकरांना. ऑस्टिन हे नाव १९९० च्या दशकात अख्ख्या अमेरिकेत पहिल्या दहांत जाऊन बसलं होतं. आपल्या गावाचं, आपल्या पुरुषाचं नाव लेकराला देताना त्यांना संकोच वाटला नाही. आपल्याला का वाटावा?

आणि मुलींच्या नावांच्या बाबतीत तर विदर्भाइतकं श्रीमंत माहेर दुसरं नाही. रुक्मिणी आपली, कौंडण्यपूरची. नळाची दमयंती आपली, विदर्भाच्या भीमराजाची लेक. अजराजाला स्वयंवरात वरणारी, रामाची आजी झालेली इंदुमती आपली. अगस्तीची लोपामुद्रा, जिच्या नावावर ऋग्वेदात ऋचा आहेत, तीसुद्धा विदर्भाच्या राजवाड्यात वाढलेली. पुढे इतिहासात या. रामटेकजवळच्या नंदिवर्धनाहून लहान मुलांच्या वतीनं वाकाटकांचं राज्य चालवणारी राणी प्रभावतीगुप्ता. आणि सिंदखेडराजाच्या जिजाऊ. मी वर्गात ही नावं सांगितली की मुली ताठ बसायच्या.

नद्या घ्या. वर्धा नदीचं जुनं नाव वरदा. अकोल्याची पूर्णा. आणि काकाजी, तुमच्या दिग्रसची अरुणावती, जिच्या धरणाच्या पाण्यावर तुमच्याकडची शेतं भिजतात. मला विचाराल तर नातीचं नाव अरुणा ठेवा. कागदावर अरुणावती लिहिलंत तरी चालेल, पण हाक अरुणा. आपला ‘ण’ तिकडच्या लोकांना येत नाही, ते ‘न’ म्हणतील, तेवढंच. ‘ळ’, ‘ध’, ‘भ’ असलेल्या नावांची मात्र पार मोडतोड होते. दुसरी पसंती इंदुमती. घरी इंदू. तिकडच्या मैत्रिणी इंडी म्हणतील आणि ते त्यांच्या कानाला ओळखीचंच वाटेल. मोठं नाव ठेवणार असाल तर त्याचं छोटं रूप आपणच आधी ठरवून द्यावं. नाही दिलं तर शाळा देते, आणि शाळेनं दिलेलं जन्मभर चिकटतं.

नाव पक्कं करण्याआधी काकूंना अंगणात उभं करा आणि फाटकापर्यंत ऐकू जाईल अशी हाक मारायला सांगा. तीच हाक लेकीला लबकमधून शेजाऱ्याकडून मारून घ्यायला सांगा. दोन्हीकडे अडखळली नाही तर नाव बरोबर.

स्पेलिंगची काळजी नक्की घ्या. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं जन्मनाव माणिक. आमच्या अमरावती जिल्ह्यात या नावाला फार मान आहे. पण साध्या स्पेलिंगनं लिहिलं तर अमेरिकन माणूस ते ‘मॅनिक’ वाचतो, आणि त्या इंग्रजी शब्दाचा अर्थ वेडाचा झटका आलेला. दीक्षा हे नाव दीक्षाभूमीमुळे आपल्याकडे घराघरांत आहे. त्याचं स्पेलिंग एका ‘आय’नं केलं तर सुरुवातीलाच इंग्रजीतला एक असभ्य शब्द उमटतो. तिथं दोन ‘ई’ घालाव्यात, प्रश्न मिटतो. एवढ्यासाठी चांगलं नाव सोडू नये.

आणि एखाद्यानं चिडवलंच, तर? टेक्सासचंच उदाहरण सांगते. जेम्स हॉग नावाचे तिथले गव्हर्नर होते, १८९१ ते १८९५. हॉग म्हणजे डुक्कर. त्यांनी १८८२ साली जन्मलेल्या लेकीचं नाव काकाच्या कवितेतल्या नायिकेवरून ठेवलं इमा. इमा हॉग. इंग्रजीत एका दमात म्हटलं की ‘मी डुक्कर आहे’ असं ऐकू येतं. त्या बाईंनी नाव बदललं नाही. ह्यूस्टन शहराचा संगीतवृंद उभा करण्यात त्या पुढे होत्या, राहतं घर आणि आयुष्यभर जमवलेल्या वस्तू त्यांनी शहराच्या संग्रहालयाला दिल्या. आजही लोक त्यांना आदरानं मिस इमा म्हणतात. आपल्या अरुणेला तर असलं काही सोसावंच लागणार नाही.

आता बारसं. तुमची लेक म्हणते ते खरं आहे. तिकडे जन्मनोंदीचा कागद साधारणपणे दवाखान्यातून घरी जाण्याआधीच भरून घेतात आणि त्याच कागदावर सोशल सिक्युरिटी नंबरही मागता येतो. बारा दिवस थांबायला सवड मिळत नाही. पण त्यामुळे बारसं बुडत नाही. नाव आधी ठरवा, कागदावर लिहू द्या, आणि बाराव्या दिवशी विधी करा. कागद सरकारसाठी, कानातलं ‘कुर्रर’ लेकरासाठी. तिकडच्या फॉर्मवर मधलं नाव अशी जागा असते. आपल्याकडे तिथं वडिलांचं नाव जातं. काही घरं तिथं आजीच्या पसंतीचं दुसरं नाव लिहितात, तसंही करता येतं. पण एकदा जे लिहिलं तेच पुढे पासपोर्टवर येतं, म्हणून नवरा-बायकोंनी हे आधी बोलून घ्यावं. ऐनवेळी नर्स कागद घेऊन उभी राहते आणि बाळंतीण थकलेली असते.

बारसं फोनवर करायचं तर वेळ अशी धरा. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारनंतर लबक आपल्यापेक्षा साडेअकरा तास मागे असतं. दिग्रसला संध्याकाळचे साडेसात म्हणजे तिथं सकाळचे आठ. वरवंट्याला कुंची घालून पाळण्याखालून ‘कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या’ तिकडच्या मैत्रिणी करतील. नाव मात्र आत्यानंच सांगायचं. आत्या दिग्रसला असेल तर फोन बाळाच्या कानाशी धरा. हरभऱ्याच्या घुगऱ्या तुम्ही इकडे वाटा. तेव्हा इकडे वेचणीची घाई असेल आणि लबकच्या शेतांतही कापूसच निघत असेल. फरक एवढाच की तिथं यंत्र एका फेरीत सगळं झाड ओरबाडून नेतं आणि इथं बाया पुन्हा पुन्हा वेचतात. दोन्हीकडच्या सुगीत आलेली नात आहे ती.

प्रश्न : बाई, जयभीम. आमच्या घरात आजोबा गौतम, वडील सिद्धार्थ, मोठे काका राहुल, लहान काका आनंद. मला मुलगी झाली. परंपरा सोडायची नाही, पण तेच ते नावही नको. घरचे म्हणतात मोबाईलवर पाहा. — एक वडील, पवनी, जि. भंडारा

उत्तर : जयभीम बाळा. तुझ्या घरातल्या नावांची ओळ वाचून मला आमच्या शाळेचं जुनं रजिस्टर आठवलं. जुन्या पानांवर बापाचं नाव धोंड्या, सोम्या, बुध्या असं लिहिलेलं. कुणा कारकुनानं तसंच ऐकलं आणि तसंच लिहिलं, कारण त्या माणसाला पूर्ण नावानं हाक मारण्याची गरज कुणाला वाटली नव्हती. नंतरच्या पानांवर त्याच घरात सिद्धार्थ, मिलिंद, अशोक, यशोधरा. मधे १४ ऑक्टोबर १९५६ आहे, नागपूरची दीक्षाभूमी आहे. कुणी आदेश काढला नव्हता. माणसांनी घराघरांत बसून ठरवलं की आमच्या लेकराला यापुढे कुणी ‘या’ लावून हाक मारणार नाही. विदर्भातल्या नावांचा इतका मोठा बदल मी दुसरा पाहिला नाही. तेव्हा परंपरा सोडायची नाही हे तू म्हणतोस ते मला फार आवडलं.

आता नावं. गौतम-सिद्धार्थावर थांबायचं कारण नाही, थेरींकडे वळ. बुद्धाच्या भिक्षुणींत उप्पलवण्णा होती, निळ्या कमळाच्या रंगाची. त्यावरून उत्पला. प्रज्ञेसाठी नावाजलेली खेमा. भिक्षुणी संघ जिच्यापासून सुरू झाला ती महाप्रजापती गोतमी, त्यावरून गौतमी. संघाला विहार बांधून देणारी उपासिका विशाखा. अशोकाची लेक संघमित्रा, जिनं बोधिवृक्षाची फांदी श्रीलंकेत नेली. धम्मातल्या चार भावनांमधली मैत्री, करुणा, मुदिता ही तीन सुंदर नावं आहेत. चौथी उपेक्षा, तिचा मूळ अर्थ समचित्त राहणं असा थोर आहे, पण मराठी कानाला तो पोचणार नाही, म्हणून ती टाळ. रमाईंवरून रमा आहेच.

माझी पसंती उत्पला. पवनीच्या जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० मध्ये उत्खनन झालं आणि प्राचीन स्तूप निघाला. त्या गावात दोन हजार वर्षांपूर्वी हे नाव नक्की कुणाच्या तरी कानावर पडलं असेल असं मला वाटतं. लेक चालायला लागली की तिला त्या टेकडीवर घेऊन जा.

प्रश्न : पंचांगाप्रमाणे बाळाच्या नावाचं अक्षर ‘ङ’ आलं. या अक्षरानं नाव सुरूच होत नाही. सासूबाई म्हणतात अक्षर मोडायचं नाही. — एक आई, अचलपूर

उत्तर : तुझं बाळ आर्द्रा नक्षत्राच्या तिसऱ्या चरणातलं. नक्षत्राच्या चरणावरून नावाचं अक्षर सांगणाऱ्या अवकहडा चक्रात आर्द्रेला कू, घ, ङ, छ अशी अक्षरं आहेत. हस्ताच्या बाळांना ‘ण’ येतो, उत्तराभाद्रपदेच्या बाळांना ‘ञ’, त्यांची हीच अडचण. ब्राह्मण अशा वेळी शेजारचं अक्षर घेऊन रासनाव काढून देतात, आणि ते पत्रिकेत राहतं. हाक मारायचं व्यवहारातलं नाव कुठल्याही अक्षरानं ठेवावं, ही आपल्याकडची जुनीच रीत आहे. सासूबाईंना सांग, रासनाव तुम्ही ठेवा, पत्रिकेत लिहा. त्यांचा मान राहील आणि लेकराला नाव मिळेल.

प्रश्न : बाई, नवऱ्याला कियांश आवडलं. मोबाईलवर अर्थ दिला आहे, ‘सर्व गुणांनी युक्त’. आजेसासऱ्यांना ते उच्चारता येत नाही, ते ‘किसन’ म्हणतात. काय करू? — एक आई, ब्रह्मपुरी, जि. चंद्रपूर

उत्तर : अगं, अर्थ मोबाईलवर दिला आहे म्हणून तो असतोच असं नाही. यादीतलं नाव संस्कृतसारखं वाजतं म्हणून संस्कृत होत नाही. घरात किंवा गावच्या वाचनालयात चांगला शब्दकोश असेल तर तो उघड. शब्द सापडला तर ठेव. सापडला नाही तर मुलगा उद्या विचारेल, माझ्या नावाचा अर्थ काय, आणि तू त्याला यादी दाखवशील? मला ते पटत नाही.

झाडीपट्टीत राहतेस तू. फाल्गुनात ब्रह्मपुरीहून वैनगंगेकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना पळस पेटलेला असतो. पानं गळून गेलेली आणि काळ्या देठांवर नुसती केशरी फुलं, वाघाच्या नखासारखी वाकलेली. ती रात्रभर पाण्यात भिजत घालून सकाळी उकळली की होळीचा रंग होतो. पळसाचं संस्कृत नाव पलाश. उच्चाराला सोपं, लिहायला सोपं, आणि आजेसासऱ्यांनी ‘पळस’ म्हटलं तरी चूक नाही, तेच झाड. मुलगी असती तर शाल्मली सुचवलं असतं. काटेसावरीचं नाव आहे ते. मुलासाठी प्रवर हेही पाहा. वाकाटकांचे प्रवरसेन राजे आपल्याच मुलखातले.

नवऱ्याला एकदा शांतपणे विचार, कियांशमध्ये त्याला नेमकं काय आवडतं. बहुतेक वेळा आवडतो तो शेवटचा ‘श’. पलाशमध्ये तो आहे.

आणि हट्टानं कियांशच राहिलं, तर आजोबांचं किसन बंद करू नकोस. त्या वयाच्या माणसाच्या तोंडी लेकराचं एक वेगळं नाव असणं हे त्या लेकराचं भाग्य आहे.

प्रश्न : माझं नाव नकोशी. चौथी मुलगी म्हणून ठेवलं. लग्नात सासरी नाव बदललं, पण कागदावर जुनंच. मुलगी आता नववीत आहे. पुढच्या वर्षी बोर्डाच्या फॉर्मवर आईचं नाव येईल. तिला आणि मला दोघींना ते नको. — मेहकर तालुका, जि. बुलडाणा

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. आधी एक गोष्ट स्पष्ट करते. आपल्याकडे दगडू, धोंडू, कचरू, उकर्डा अशी नावं होती. लागोपाठ लेकरं दगावलेल्या आईनं पुढचं जगावं म्हणून ती ठेवली. दृष्ट लागू नये, काळानं याच्याकडे पाहू नये. त्या नावांत आईचा जीव अडकलेला आहे, आणि ती लावणाऱ्या म्हाताऱ्यांपुढे मी हात जोडते. नकोशी हे तसलं नाव नाही. ते लेकराच्या माथी मारलेलं दूषण आहे, आणि ते उतरवण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. तुम्ही एकट्या नाही. २०११ साली सातारा जिल्ह्यात असं नाव असलेल्या २८५ मुली शोधून प्रशासनानं त्यांना नवी नावं दिली. मुलींनी ती स्वतः निवडली.

काम असं करा. महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदलाची जाहिरात द्या. अर्ज ऑनलाइन होतो, तालुक्याच्या सेतू केंद्रात किंवा कुठल्याही चांगल्या सेवा केंद्रात भरून मिळेल. ओळखीचा पुरावा आणि प्रतिज्ञापत्र जवळ ठेवा. राजपत्रात नाव आलं की त्या पानाची प्रत जपून ठेवा, तिच्यावरच आधार, बँक, रेशनकार्ड बदलतं. लगेच मुलीच्या मुख्याध्यापकांना भेटा. शाळेच्या रजिस्टरातली दुरुस्ती मुलगी शाळेत शिकत असेपर्यंतच नीट होते. मुख्याध्यापक प्रस्ताव तयार करून शिक्षण खात्याकडे पाठवतात आणि मंजुरी आली की लाल शाईनं नोंद घेतात. दाखला काढून मुलगी बाहेर पडली की काम फार अवघड जातं. म्हणून नववीतच करा, दहावीचा फॉर्म भरायच्या आधी.

सासरचं नाव घ्यायचं की तिसरंच, ते तुम्ही ठरवा. सासरी ठेवलेलं नावही दुसऱ्यांनीच ठेवलेलं आहे. तुमचं मेहकर सिंदखेडराजाच्याच जिल्ह्यातलं, मनात आलं तर जिजा घ्या. लेकीला सोबत घेऊन बसा आणि दोघी मिळून निवडा. जे निवडाल ते मला कळवा, मला पाहायचं आहे.

प्रश्न : मुलाच्या जन्मदाखल्यात नावाची जागा कोरी आहे. आता पहिलीत घालायचं आहे. — एक वडील, वरुड तालुका

उत्तर : घाबरू नका. १९६९ च्या जन्ममृत्यू नोंदणी कायद्यात नाव नंतर लिहिण्याची सोय आहे. नोंदणीपासून १२ महिन्यांपर्यंत फी नाही, त्यानंतर विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत नाव घालता येतं. मात्र जिथं जन्म नोंदला तिथंच जावं लागतं. घरी किंवा गावात जन्म झाला असेल तर ग्रामपंचायतीत ग्रामसेवकाकडे, आता त्या पदाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. शहरातल्या दवाखान्यात झाला असेल तर त्या नगरपरिषदेकडे. १ ऑक्टोबर २०२३ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशापासून आधारपर्यंत हाच दाखला जन्माचा पुरावा धरतात, तेव्हा ज्यांच्या घरी लहान बाळ आहे त्यांनीही आजच दाखला काढून पाहावा.

१ मे २०२४ किंवा त्यानंतर जन्मलेल्या बाळाचं नाव महाराष्ट्रात आता बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव या क्रमानं लिहायचं आहे. तुमचा मुलगा त्याआधीचा, त्याला हे लागू नाही, पण पाठचं भावंड झालं तर ध्यानात असू द्या.

जाताना नाव मराठीत आणि इंग्रजीत एका कागदावर ठळक लिहून न्या, तोंडी सांगू नका. नोंद संगणकावर चढली की पडद्यावर स्वतः वाचा, एकेक अक्षर लावून पाहा, आणि मगच प्रिंट काढायला सांगा.